चाड्यावरची मूठ आणि गिटारचा ठेका



खरिपाची रास घरात आली, रब्बीची पेर उरकली. रात्री मोठ्या झाल्या आहेत. जेवणे लवकर आटोपतात आणि पाठ टेकेपर्यंत तासदीड तास हाताशी उरतो. या मोकळ्या वेळात घरातल्या पोरासोरांनी काय करावे, यावर आपण या पानात नेहमी बोलतो. या खेपेस एका माउलीचे पत्र आले आहे. प्रश्न तिच्या घरचा असला तरी तसली घरे आता गावोगाव आहेत. म्हणून आजचे सगळे पान त्या पत्राला.

माउली लिहितात : "माझा मुलगा बारावी होऊन वडिलांच्या हाताखाली शेतीच करतो. गेल्या साली दोन करडे विकून त्याने गिटार घेतली. शिकवणारा आसपास कोणी नाही. मोबाईलवर बघून बघून शिकला. माडीवर एकटा वाजवतो तेव्हा ऐकावेसे वाटते. गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्याला साथीला बसवले. ढोलकीवाला, पेटीवाला आणि गाणारी दोन पोरे. दुसऱ्याच कडव्याला हा मागे पडला, मग त्याला जागा सापडेना. शेवटी गिटार मांडीवर आडवी ठेवून बसून राहिला. लोक हसले. तेव्हापासून गिटार खुंटीला आहे. त्याचे वडील भजनात पखवाज वाजवतात. ते म्हणतात, हे तुणतुणे विकून टाक आणि फवारणीच्या पंपाला नवी बॅटरी आण. विकावे का? पोराच्या अंगात कला नाही का?"

माउली, पहिले उत्तर सरळ देतो. गिटार विकू नका. आणि पोराच्या अंगात कला आहे की नाही, हे त्या एका रात्रीवरून ठरत नाही. त्या रात्री जे घडले त्याचे कारण तुमच्याच पत्रात आले आहे. "एकटा वाजवतो तेव्हा ऐकावेसे वाटते," असे तुम्ही लिहिता. गोम तिथेच आहे.

हात थांबतो कुठे?

गिटारला सहा तारा. डाव्या हाताची बोटे तारा दाबून स्वरांचा एक जुडगा तयार करतात, त्याला कॉर्ड म्हणतात. उजवा हात तारांवरून वरखाली फिरतो आणि ठेका धरतो. गाण्याची चाल वाजवणारी गिटार निराळी. गाण्याला मागून धरून ठेवणारी ती रिदम गिटार. तुमचा मुलगा मंडळात बसला तो हेच काम करायला.

आता एकटा वाजवणारा काय करतो ते पाहा. एक कॉर्ड छान वाजवतो. दुसऱ्या कॉर्डवर जायची वेळ आली की बोटे चाचपडतात. तेवढ्यापुरता उजवा हातही थांबतो. बोटे बसली की हात पुन्हा चालू. माडीवर हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. त्याच्याही येत नाही, कारण गाणे त्याच्याच हातात असते आणि तो थांबला की तेही थांबते. रोज असे शंभर वेळा थांबले की थांबण्याचीच सवय पक्की होते. मग चौघांत बसल्यावर ढोलकी काही थांबत नाही. पहिल्या कडव्यात अर्धी मात्रा गेली, दुसऱ्यात एक गेली, आणि जागा सुटली ती सुटलीच.

हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले, पण पाभरीची पेरणी पाहिलेली माणसे अजून घरोघर आहेत. बैल आपल्या चालीने चाललेले असतात. चाड्यावर मूठ धरणाराने दाणे एकसारखे सोडायचे. मूठ क्षणभर अडली म्हणून बैल थांबत नाहीत. तेवढ्या जागेत दाणा पडत नाही, आणि आठ दिवसांनी ओळीत नांगी दिसते. ती दिसली म्हणजे गावाला कळते, मूठ कोणाची होती. तुमच्या मुलाची मूठ वाईट नाही, माउली. त्याने आजवर उभ्या बैलांवर पेरणी केली आहे, एवढेच. त्याला चालते बैल जोडून द्यायला हवेत.

न थांबणारा सोबती

हे चालते बैल मोबाईलवर फुकट मिळतात. त्याला बॅकिंग ट्रॅक म्हणतात. पोरांना कराओके ठाऊक आहे. त्यात गाणाऱ्याचा आवाज तेवढा काढलेला असतो आणि बाकी वाद्ये वाजत असतात. बॅकिंग ट्रॅक तसाच, फक्त त्यात गिटारवाल्याची जागा रिकामी ठेवलेली असते. ड्रम वाजतो, बास गिटार खर्जात चालते, कधी पेटीसारखे की-बोर्ड असते. त्या रिकाम्या जागेत आपण बसायचे.

ही युक्ती मोबाईलच्या फार आधीची. १९५० साली अमेरिकेत अर्व्हिंग क्रात्का या गृहस्थांनी 'म्युझिक मायनस वन' नावाने एक वाद्य वगळलेल्या तबकड्या काढायला सुरुवात केली. ज्याला वाद्यवृंद मिळत नाही, त्याने घरी तबकडी लावावी आणि वगळलेले वाद्य आपण वाजवावे. पुढे १९६७ मध्ये जेमी एबरसोल्ड या जॅझ शिक्षकांनी अशाच तबकड्यांची माला सुरू केली. तिचे सव्वाशेहून अधिक भाग निघाले. त्यांनी एका कर्ण्यात बास आणि दुसऱ्यात पियानो ठेवला, ड्रम दोन्हींत. पियानो शिकणाराने पियानोची बाजू बंद करायची आणि तिथे आपण वाजवायचे. बास शिकणाराने दुसरी बाजू बंद करायची. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या किती तरी मुलांना साथीची मंडळी अशी घरात मिळाली.

आपल्याकडेही ही रीत नवी नाही. तबला शिकणाऱ्या मुलाला गुरू लेहरा लावून देतात. पेटीवर किंवा सारंगीवर एकच लहानशी चाल पुन्हा पुन्हा वाजत राहते, आणि मुलाने काहीही वाजवले तरी फिरून समेवर त्या चालीला येऊन मिळायचे. चाल त्याच्यासाठी थांबत नाही. आज तोच लेहरा यंत्रावर आणि मोबाईलवर मिळतो. बॅकिंग ट्रॅक म्हणजे गिटारवाल्याचा लेहराच समजा.

मागे राहणाऱ्याचे काम

आता त्या "तुणतुणे" शब्दाबद्दल. घरधन्यांनी तो हिणवून वापरला, पण शब्द नेमका पडला आहे. तुणतुण्याला एकच तार. पोवाडा रंगतो तेव्हा लोकांचे डोळे शाहिरावर आणि कान डफावर असतात. तुणतुण्याकडे कोणी बघत नाही. पण मागे उभा असलेला तो गडी चार क्षण थांबला, तर शाहिराच्या पायाखालचा सूरही हलतो आणि लयही. रिदम गिटारचे काम तुणतुण्याचे. पुढे यायचे नाही आणि थांबायचे नाही.

अमेरिकेत काउंट बेसी यांचा मोठा वाद्यवृंद होता. त्यात फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये रिदम गिटार वाजवायला आले आणि १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, तेच काम करत राहिले. भोवती तुताऱ्या, कर्णे आणि ड्रम यांचा गजर. यांच्या गिटारला विजेची जोड नाही. एका आवर्तनाला चार मात्रा, चार मात्रांना चार हात, बस. एकट्याने पुढे येऊन वाजवण्याचा प्रसंग त्यांनी जवळजवळ येऊच दिला नाही. तरीही त्या वाद्यवृंदाची चाल त्यांच्या हाताने चालते, असे जाणकार मानत. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात भानू गुप्ता रिदम गिटार वाजवत. १९७५ च्या 'शोले'तली माउथ ऑर्गनची धून लोकांना आठवते, तीही त्यांचीच. गिटारवरचे त्यांचे काम मात्र ऐकणाऱ्याला वेगळे काढून दाखवता येत नाही, इतके ते गाण्यात मुरलेले असते.

हे मुलाला सांगा. मंडळात गिटार ठळक ऐकू आली पाहिजे, असा हट्ट मनातून गेला की निम्मी घाई जाते.

बसण्याआधी

चार गोष्टी आधी करून घ्याव्यात.

एक, सूर जुळवावेत. तारा आपापसांत जुळल्या पण ट्रॅकच्या सुराशी जुळल्या नाहीत, तर कितीही तालात वाजवा, कानाला खटकेल. सूर जुळवण्याचे साधन मोबाईलवर फुकट मिळते. जाड तारेपासून क्रमाने ई, ए, डी, जी, बी, ई.

दोन, ट्रॅक निवडताना साधा निवडावा. ज्यात ड्रम आणि बास एवढेच आहे असा. ज्यात आधीच गिटार वाजत असते त्यात आपली चूक झाकली जाते. ट्रॅकच्या नावापुढे आकडा असतो, तो मिनिटाला किती मात्रा ते सांगतो. ६० म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याची चाल. सुरुवात ६० ते ७० च्या दरम्यान करावी. सूर न बदलता ट्रॅकची गती कमी करण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी असते.

तीन, रेंज असेल तिथे ट्रॅक उतरवून घ्यावा आणि वाजवताना मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवावा. मध्येच जाहिरात किंवा फोन आला की ठेका तुटतो.

चार, ट्रॅकचा आवाज बेताचा ठेवावा, आपल्या गिटारपेक्षा थोडा खाली. मोठ्या गजरात आपण तालात आहोत असे उगीच वाटते. कानात घालायचे असेल तर एकाच कानात. दुसरा कान गिटारला आणि घराला मोकळा राहू द्या. मोटार चालू करायला कोणी हाक मारली तर तीही ऐकू यायला हवी.

वीस मिनिटांचा पाठ

रोज वीस मिनिटे पुष्कळ झाली. पण रोज. एका रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे बरे. चार भाग पाडावेत, प्रत्येकी पाच मिनिटांचे.

पहिली पाच मिनिटे गिटारला हात लावू नये. ट्रॅक लावून नुसते ऐकावे आणि तोंडाने मोजावे : एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्. बहुतेक चालू गाण्यांच्या ठेक्यात ड्रमचा जाड, छातीत बसणारा ठोका एकवर आणि तीनवर पडतो. चटकन् वाजणारा कोरडा ठोका दोनवर आणि चारवर. हे दोन ठोके वेगळे ओळखता आले की अंधारातही वाट सापडते. केरवा वाजवणाऱ्याला हे जड जाणार नाही, कारण चार आकडे आणि चार 'अन्' मिळून आठ मात्राच होतात. दादऱ्याच्या चालीची गाणी सहाच्या हिशेबाची, तीन आणि तीन. त्यांचे ट्रॅक वेगळे असतात. ते नंतर घ्यावेत.

दुसरी पाच मिनिटे मुकी थाप. डाव्या हाताची बोटे तारांवर अलगद टेकवावीत, दाबू नयेत. स्वर निघणार नाही, नुसता खस् खस् आवाज येईल. आता उजवा हात चालू करावा. आकड्यावर खाली, 'अन्'वर वर. इथे सगळ्या पाठाची किल्ली आहे. हात कधीच थांबवायचा नाही. एखाद्या मात्रेवर वाजवायचे नसेल तर हात तारांपासून जरा दूर ठेवून रिकामा न्यायचा, पण न्यायचाच. झोका जसा माणूस बसला काय नि उतरला काय, जाऊन परत येतोच, तसा. वाजवण्याचे निरनिराळे प्रकार म्हणजे दुसरे काही नाही, त्याच झोक्यात कुठे तार लागते आणि कुठे हात रिकामा जातो, एवढाच फरक.

तिसरी पाच मिनिटे दोन कॉर्ड. ई मायनर सोपी, दोन बोटांची. तिच्या जोडीला जी. चार मात्रा ही, चार मात्रा ती. आता थांबण्याची जुनी खोड डोके वर काढील. तिच्यावर उपाय असा : चार झाल्यावरच्या शेवटच्या 'अन्'ला डावा हात उचलून पुढच्या कॉर्डकडे निघू द्यावा. उजवा हात त्या 'अन्'ला मोकळ्या तारांवरूनच जाऊ द्यावा. त्या एका मोकळ्या फटक्याने कोणाचे काही बिघडत नाही. आणि बोटे वेळेवर बसली नाहीत तर? बसली नाहीत तर नाही. स्वर भद्द वाजू द्या, हात चालू ठेवा, पुढच्या चारांत बसतील. चुकीचा स्वर ऐकणारा विसरतो. तुटलेला ठेका सगळ्या मंडळींना खाली पाडतो. मिनिटाला ६० मात्रांच्या चालीने पाच मिनिटांत कॉर्ड ७५ वेळा बदलते. महिनाभर असे बदलल्यावर बोटे आपली वाट आपण शोधतात.

चौथी पाच मिनिटे पुरे आवर्तन. जी, डी, ई मायनर, सी, प्रत्येकी चार मात्रा. चार चोक सोळा, म्हणजे तीनतालाएवढे एक आवर्तन. ते अंगात भिनले की ब्लूज नावाचा प्रकार घ्यावा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णी समाजाने तो घडवला. त्याचे आवर्तन बहुधा चार-चार मात्रांच्या बारा घरांचे असते. ए या सुरात वाजवायचे तर त्याचे साधे रूप असे : चार घरे ए, दोन डी, दोन ए, एक ई, एक डी, आणि शेवटची दोन पुन्हा ए. मिळून ४८ मात्रा. त्या कुठेही न हरवता पुन्हा पुन्हा फिरणे, ही लांब पल्ल्याची मेहनत. मध्येच जागा सुटली तर ट्रॅक बंद करून पहिल्यापासून लावू नये. हात मुक्या थापेवर आणावा, बास कुठल्या सुरावर उतरतो ते ऐकावे, समेची वाट बघावी आणि तिथे पुन्हा आत शिरावे. गणपतीच्या रात्री नेमके हेच जमले नाही. सुटलेली जागा पुन्हा पकडणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे आणि ती घरीच शिकावी लागते.

गती वाढवायची ती पाच-पाचने. ६० वर आठ दिवस हात न थांबता गेला, तर ६५. घाई करू नये. बहुतेकांना हळू वाजवणेच जास्त अवघड जाते, कारण दोन मात्रांमधली मोकळी जागा धीराने सोडावी लागते.

धाकट्या बहिणीची परीक्षा

आपण तालात आहोत की नाही हे वाजवताना स्वतःला नीट कळत नाही. त्याला दोन उपाय आहेत.

पहिला, घरातला दुसरा मोबाईल दोन हातांवर ठेवून ट्रॅक आणि गिटार एकत्र ध्वनिमुद्रित करावे. लगेच ऐकू नये, दुसऱ्या दिवशी ऐकावे. हात ठोक्याच्या आधी पडतो की मागे, ते कान सांगतील. उत्साहात वाजवणारे बहुधा पुढे पळतात आणि कॉर्ड चाचपडणारे मागे राहतात.

दुसरा उपाय गमतीचा आहे आणि घरातल्या लहानांना फार आवडतो. ट्रॅक लावून मोबाईल धाकट्या बहिणीच्या हाती द्यावा. दादा वाजवू लागला की तिने मध्येच आवाज पार बंद करायचा, मनातल्या मनात आठ मोजायचे आणि पुन्हा वाढवायचा. दादाने तोवर वाजवतच राहायचे. आवाज परत आला तेव्हा दोघे एकाच मात्रेवर असतील तर दादा पास. पुढे असेल तर लय पळते आहे, मागे असेल तर लय ओढली जाते आहे. आठचे सोळा करावेत, मग बत्तीस. ट्रॅक कानात वाजत असताना त्याचा हात धरून चालणे सोपे. तो गप्प झाल्यावरही चाल तीच राहिली तर ती आपली झाली.

बॅकिंग ट्रॅकची मर्यादा इथेच सांगायला हवी. तो थांबत नाही, हा त्याचा गुण. तो ऐकत नाही, हा त्याचा दोष. गाणारा एखाद्या ओळीवर रमला, त्याने ती ओळ पुन्हा घेतली, कोणी श्वासाला अडला, भजन शेवटाकडे चढत गेले, यातले काही मोबाईलला समजत नाही. जन्मभर त्याच्याच सोबतीने वाजवणारा माणूस घड्याळासारखा नेमका होईल, पण माणसांच्या मैफलीत अवघडून बसेल. तीन-चार महिने झाले की निम्मा वेळ माणसांना द्यावा.

पखवाजाशेजारी

आता दोन शब्द घरधन्यांसाठी.

दादा, फवारणीच्या पंपाला बॅटरी लागते हे खरे. तीही आणावी लागेलच. गिटारने कर्ज फिटणार नाही आणि पोराला त्यातून पोटापाण्याचा धंदा मिळेल, असे मी सांगणार नाही. पण गावात बरोबरीची पोरे कमी होत चालली आहेत. कोणी शहरात कारखान्यावर, कोणी शिकायला. जो शेतावर थांबला, त्याला दिवसभराच्या कामानंतर स्वतःचे म्हणावे असे काही तरी हवे. करडे त्याने स्वतः विकली, पैसा वाईट वाटेला घातला नाही. चारचौघांत हसे झाल्यावर तो कोणाशी भांडला नाही, गिटार खुंटीला लावून गप्प बसला. अशा गप्प बसण्याकडे घरातल्या मोठ्यांनी काणाडोळा करू नये.

आणि ज्यासाठी तो मोबाईल धुंडाळतो, ते तुमच्या हातात आहे. तुम्ही इतकी वर्षे भजनात पखवाज धरला आहे. टाळकरी जोशात येऊन लय पळवू लागले की ती कशी आवरायची, गाणारा थांबला की हात कसा हलका करायचा, उठावणी कुठे घ्यायची, हे कुठल्याही ट्रॅकमध्ये नाही. आठवड्यातून एक रात्र द्या. तुम्ही साधा भजनी ठेका धरा, बोल लावू नका, चक्रदार घेऊ नका. त्याने फक्त मुक्या थापेने तुमच्याबरोबर चालायचे. दोन आठवड्यांनी एक कॉर्ड. मग तुम्ही न सांगता लय किंचित वाढवा, किंचित उतरवा, आणि तो येतो का बघा. तो चुकला तर थांबू नका. तुमचा मुलगा आहे म्हणून तर मुळीच थांबू नका.

पेटीच्या पट्टीशी जुळवायची अडचण येईल, तिलाही उपाय आहे. गिटारच्या मानेवर लावायचा कॅपो नावाचा चिमटा मिळतो. तो पहिल्या पडद्यावर लावून सी कॉर्डचा आकार धरला की काळी एक होते. तसाच ठेवून डी धरला की काळी दोन. अभंगांच्या चाली पुष्कळदा रागांवर बांधलेल्या असतात. त्यांना सिनेमातल्या गाण्यासारख्या कॉर्ड लावत सुटले की चालीचा रंग बदलतो. म्हणून सुरुवातीला गिटारवर षड्ज आणि पंचम एवढेच धरावेत आणि ठेका सांभाळावा. भजनकऱ्यांची तक्रार येणार नाही.

आणखी एक. शेतात राबणाऱ्या पोराच्या बोटांना घट्टे असतात. शहरातल्या मुलांना तारा रुततात म्हणून पहिला महिना रडवतो, तो त्रास आपल्या पोरांना कमी. मात्र गिटार पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नये. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि लाकडाचे सांधे धरून ठेवणारा सरस सुटतो. घरातल्या आतल्या भिंतीला, चुलीपासून दूर ठेवावी.

माउली, गिटार खुंटीवरून तुम्ही काढून देऊ नका. वडिलांना काढून देऊ द्या. काही बोलण्याची गरज नाही. नुसते, "बस, ठेका धरतो," एवढे पुरे.

ज्या घरांतून अशीच एखादी गिटार, बासरी किंवा पेटी खुंटीला आहे, त्यांनी हा पाठ पंधरा दिवस करून पाहावा आणि कुठे अडले ते कळवावे. पुढच्या खेपेस पेटीची भाती फाटली तर घरच्या घरी ठिगळ कसे लावावे, ते पाहू.